सोसायटी थकली, गट फिरतोय : गावातल्या कर्जाचं साधं गणित

सप्टेंबर २०२५च्या पावसानं मांजराकाठचं सोयाबीन शेतातच कुजलं, त्यानंतरच्या दिवाळीतली गोष्ट. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी पारावर बसलो होतो. एक चुलतभाऊ म्हणाला, "सोसायटी थकलीय, बँक दारात उभं करीना. शेवटी बायकोच्या गटातून चाळीस हजार उचलले. आता सरकार माफी द्यायलंय म्हणतेत, बघू."

पुण्याहून आलेल्या भाच्यानं विचारलं, "मामा, सोसायटी म्हणजे आमच्या बिल्डिंगची असते तशी?"

सगळे हसले. पण प्रश्न दिसतो तेवढा वेडा नाही. बिल्डिंगची सोसायटी आणि शेतकऱ्याची सोसायटी एकाच कायद्याखाली नोंदवली जाते : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. दोन्हीकडं सभासद, दोन्हीकडं चेअरमन, दोन्हीकडं वार्षिक सभा, आणि दोन्हीकडं त्या सभेला फारसं कुणी फिरकत नाही. फरक एवढाच, की एक पाण्याच्या टाकीवरून भांडते आणि दुसरी पीककर्जावरून.

भाच्याला सांगता सांगता लक्षात आलं, की चुलतभावाच्या त्या दोन-तीन वाक्यांत सोसायटी, बचत गट आणि माफी अशा तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. शहरातल्या माणसाला सोडा, गावातल्या निम्म्या लोकांनाही त्यांतला फरक धड सांगता येत नाही. कर्ज घेताना एक प्रश्न हाताशी ठेवला तर गुंता बराच सुटतो : हा पैसा मुळात कुणाचा?

सोसायटीत पैसा येतो कुठून?

पूर्ण नाव लांबलचक आहे : विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी. गावात नुसती 'सोसायटी'. शेतकरी शेअर्स घेऊन सभासद होतो, सातबारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे देतो, गटसचिव (सोसायटीचा सचिव, बचत गटाचा नव्हे) कागद तयार करतो, आणि पेरणीच्या तोंडाला पीककर्ज मिळतं. कोणत्या पिकाला हेक्टरी किती द्यायचे ते सोसायटी ठरवत नाही, दरवर्षी जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते.

व्यवस्था जायकवाडीच्या कालव्यासारखी समजा. वर मुंबईत राज्य सहकारी बँक, ते धरण. मध्ये जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, तो कालवा. गावातली सोसायटी म्हणजे शेतापर्यंत जाणारी चारी. नाबार्ड ही शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक वरून धरणात भर घालते. कालव्यावर शेती असणाऱ्याला टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, शेतकरी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वर पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी टेलची चारी कोरडी पडते.

फक्त या कालव्यातलं पाणी दरवर्षी मार्चअखेर उलटं वर चढवावं लागतं, म्हणजे कर्ज फेडावं लागतं. सगळी गंमत आणि सगळं दुखणं तिथं आहे.

व्याजाचं गणित मात्र शेतकऱ्याच्या फार सोयीचं आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर सात टक्के. वेळेत फेडलं तर केंद्र सरकार तीन टक्के सवलत देतं, दर चारवर येतो. उरलेला भार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य सरकार उचलतं. म्हणजे वेळेत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंत शून्य टक्के. यात 'वेळेत' हा शब्द सगळ्यात महाग आहे. तारीख चुकली की सवलत गेली, आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडकलं.

इतकं स्वस्त असून सोसायट्या अडचणीत का?

१९५४ साली गोरवाला समितीचा ग्रामीण पतपुरवठ्याचा अहवाल आला. देशातल्या शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के आणि सावकाराचा सत्तरच्या आसपास, असं त्यात निघालं. सहकार फसलाय, पण तो यशस्वी झालाच पाहिजे, असा त्या अहवालाचा सूर होता. त्यांनी एक मोलाची गोष्टही सांगितली होती : कर्ज आणि मालाची विक्री एकमेकांना बांधा.

उसाच्या पट्ट्यात तसं आपोआप घडलं. ऊस कारखान्याला जातो, आणि कारखाना बिलातून सोसायटीचं कर्ज कापून उरलेले पैसे देतो. वसुलीला कुणाच्या दारात जायची गरज उरत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकाराचं कौतुक करताना नेतृत्वाबद्दल खूप बोललं जातं, या कपातीबद्दल कमी. माझ्या मते कपातीचा वाटा मोठा आहे.

मराठवाड्याचा बहुतेक भाग सोयाबीन, कापूस आणि तुरीचा, आणि तोही पावसावर. सोयाबीन आडतीवर जातं. आडत्या पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करतो, स्वतः आधी दिलेली उचल कापून घेतो आणि रोख हातात देतो. घरी येईपर्यंत त्या रोखीला दहा वाटा फुटलेल्या असतात. सोसायटीची वसुली मग माणसाच्या सचोटीवर आणि पावसावर राहते. सचोटी असते हो, पाऊस नसतो. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी कोणत्या शेतकऱ्यानं मार्चअखेर भरली असेल? आणि २०२५ला उलटं, पाण्यानंच पीक नेलं.

म्हणजे एकाच गावातले सगळे सभासद एकाच वेळी बुडतात. दहा जणांतला एक अडचणीत आला तर बाकीचे नऊ सांभाळून घेतात. दहाही एकदम अडचणीत आले तर सहकार कुणाच्या खांद्यावर उभा राहणार?

याच्या जोडीला माणसांनी केलेलं दुखणंही आहे. मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्हा बँका एका माळेचे मणी नाहीत. लातूरची बँक भक्कम मानली जाते, तर शेजारच्याच काही जिल्ह्यांत बँकांवर प्रशासक बसलेले लोकांनी पाहिलेत. शेतकऱ्याला लाख रुपये देताना सतरा कागद मागणाऱ्या यंत्रणेतून मोठ्या संस्थांची कर्जं मात्र सहज बाहेर पडतात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. ती थकली की कालवाच फुटतो, मग चारीला कितीही चांगलं प्लॅस्टर करा.

"मी तर दरवर्षी भरतो, मग मला का मिळत नाही?"

हा प्रश्न मी निदान पन्नास जणांकडून ऐकलाय. उत्तर एका कागदी शब्दात दडलंय : अनिष्ट तफावत. सभासदांकडून सोसायटीला येणं समजा ऐंशी लाख, आणि सोसायटीचं बँकेला देणं एक कोटी. मधले वीस लाख कुणाच्याच नावावर नाहीत. ही झाली अनिष्ट तफावत. कधी वसूल झालेला पैसा पगार आणि खर्चात गेला, कधी बँकेनं तो आधी व्याजात जमा करून घेतला, कधी सरळ कुणीतरी खाल्ला.

तफावत वाढली की बँक सोसायटीला नवं कर्ज देताना हात आखडते. मग तुम्ही रुपया न् रुपया भरलेला असला तरी चारीच कोरडी. बँकेच्या लेखी कर्जदार सोसायटी आहे, आणि तुम्ही सोसायटीचे कर्जदार. तुमची पावती तुम्हाला वाचवते, सोसायटीला नाही. म्हणून वार्षिक सभेत चहा पिऊन उठण्याआधी लेखापरीक्षण अहवालातला तफावतीचा आकडा विचारावा. गटसचिवाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मग गटात वेगळं काय आहे?

सोसायटीत पैसा वरून खाली येतो. बचत गटात तो आधी खालीच गोळा होतो.

१२ बायका. प्रत्येकीचे महिन्याला २०० रुपये. महिन्याचे झाले २,४००, वर्षाचे २८,८००. बैठक ठरलेल्या दिवशी, सगळ्यांसमोर मोजणी, वहीत नोंद, आणि त्याच बैठकीत कुणाला किती द्यायचे त्याचा निर्णय. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब ही पंचसूत्री उमेद या सरकारी अभियानाच्या आणि माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) ताईंनी गावोगाव इतकी घोकून घेतलीय, की आमच्याकडं तिसरीतली पोरंही ती म्हणून दाखवतात.

इथं सातबारा लागत नाही, हा सगळ्यात मोठा फरक. आपल्याकडं किती बायकांच्या नावावर जमीन आहे? बटईनं, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्यानं, करणाऱ्याच्या नावावर तरी कुठं असते? सोसायटीच्या दारात ही माणसं शेतकरीच ठरत नाहीत. गटात तारण म्हणजे शेजारीण. तिला माहीत असतं कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाची शेळी व्यायलीय, कुणाचा नवरा पैसे उडवतो. एवढी माहिती बँकेच्या साहेबाला वर्षभर फिरूनही मिळणार नाही.

गट सहा महिने नीट चालला की बँक दारात येते. नाबार्डनं १९९२ साली देशभरात फक्त ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग म्हणून हे सुरू केलं. आज राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटाला पहिल्याच खेपेला जमा निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यांतली जी रक्कम मोठी असेल ती मिळू शकते. गटाला दहा लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, असा बँकांसाठी नियम आहे. कर्जदार कुणी एकटी बाई नसते, अख्खा गट असतो. एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या अकरा जणी तिच्या दारात जातात. कधी समजूत घालायला, कधी भांडायला.

लातूर-धाराशिव पट्ट्यात याची मुळं एका आपत्तीत आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर घरं बांधण्याच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावातल्या बायकांना पुढं आणलं. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. कोणत्या घराचा कोणता हप्ता आला, सिमेंट किती लागलं, हे त्या लोकांना समजावून सांगत. सरकारी कागदाला न बिचकणाऱ्या बायकांची ती पहिली फळी. पुढं या भागात बचत गटांचं जाळं उभं राहिलं तेव्हा हिशेबाची वही घरातल्या पुरुषाकडं द्यायची गरज अनेक गावांना पडली नाही.

"पण गटाचं व्याज तर शेकडा दोन! सोसायटी शून्य टक्के देते"

शेकडा दोन म्हणजे महिन्याला शंभरावर दोन रुपये, वर्षाचे चोवीस टक्के. ऐकायला जबर वाटतं. आता हिशेब करू.

एकीनं गटातून १०,००० घेतले, दर महिन्याला हजार मुद्दल फेडायचं. व्याज उरलेल्या रकमेवर. पहिल्या महिन्यात २००, मग १८०, मग १६० असं उतरत शेवटी २०. दहा महिन्यांचं एकूण व्याज १,१००. हे पैसे गटातच राहतात, आणि गट बाराजणींचा, म्हणजे त्यातले एक्याण्णव-ब्याण्णव रुपये तिचेच.

सावकाराकडून तेच १०,००० शेकडा पाचानं घेतले तर महिन्याला ५०० नुसतं व्याज, दहा महिन्यांत ५,०००. आणि मुद्दल जागेवर, दहा हजारच.

सोसायटीचा शून्य टक्के खराच आहे, पण तो पेरणीसाठी. पोराच्या फीसाठी, सासूच्या ॲडमिटसाठी, शेळीसाठी तो नाही. आयुष्य काही खरीप-रब्बीचं वेळापत्रक पाळत नाही.

गटाची उणी बाजूही सांगायला हवी. कर्ज बायकोच्या नावावर आणि खत नवऱ्याच्या शेतात, हे घरोघर चालतं. माल विकला की पट्टी त्याच्या नावाची, हप्ता मात्र तिच्या डोक्यावर. आमच्या चुलतभावाचे 'बायकोच्या गटातून उचललेले' चाळीस हजार म्हणजे नेमकं हेच. त्यानं उचलले म्हणायचं, सही तिची. गटांच्या यशाच्या गोष्टी ऐकताना मला हे नेहमी खटकतं.

दारात वसुलीला येतो तो गट वेगळा

इथं सगळ्यात जास्त गफलत होते. खासगी मायक्रोफायनान्स कंपन्याही पाच-दहा बायकांचा 'गट' करतात आणि आठवड्याला किंवा पंधरवड्याला वसुलीला येतात. लोक त्यालाही बचत गट म्हणतात. त्यात बचत नसते. पैसा कंपनीचा, व्याज कंपनीला, आणि बायका एकमेकींच्या जामीनदार. शेजारणीची ओळख दोन्हीकडं तारण म्हणून वापरली जाते, पण एकीकडं तिचं व्याज गटाकडं परत येतं, दुसरीकडं ते गावाबाहेर जातं.

या कंपन्या बेकायदा नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरालाच असं विनातारण कर्ज द्यायचं, आणि त्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सगळा खर्च धरून व्याजदर किती, ते लिहून देणं त्यांना बंधनकारक आहे. तो कागद मागा. एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून फिटायला लागला की समजायचं, निम्म्याची रेघ केव्हाच ओलांडली.

सावकार मग संपला का नाही?

कारण तो रात्री दहाला दार उघडतो आणि कागद मागत नाही. बीडकडचा ऊसतोड कामगार तर दसऱ्याआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि ती कोयत्यानं फेडतो. तेही कर्जच आहे, फक्त तारण म्हणून माणसाचं अंग ठेवलेलं.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला नऊ आणि विनातारण कर्जावर बारा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. म्हणजे गावात चालणारा शेकडा तीन आणि पाच हा दर कायद्यात कुठंच बसत नाही. व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करून कलम १८ खाली ती परत मिळवता येते. खरेदीखत झालं म्हणजे सगळं संपलं असं नाही, हे फार लोकांना माहीत नसतं.

"पतसंस्थाही सहकारीच ना? मग ठेव बुडाली कशी?"

गेल्या काही वर्षांत बीड आणि संभाजीनगरकडं पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. निवृत्त शिक्षक, शेत विकलेले म्हातारे, पोरीच्या लग्नासाठी साठवणारे. सगळ्यांनी 'सहकारी' हा शब्द वाचला आणि पुढचा वाचलाच नाही.

पुढचा शब्द 'बँक' असेल, म्हणजे जिल्हा मध्यवर्ती किंवा नागरी सहकारी बँक, तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. 'पतसंस्था', 'मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी' किंवा गावची सोसायटी असेल तर तो विमा नाही. बँकेपेक्षा दोन-चार टक्के जास्त व्याज मिळतं, ते या जोखमीचंच मिळतं. कर्ज घेणाऱ्याला संस्था बुडाल्याचा फारसा फरक पडत नाही, ठेव ठेवणाऱ्याचं घर बसतं.

स्थगिती, पुनर्गठन आणि माफी

आता चुलतभावाचं शेवटचं वाक्य. २०२५च्या अतिवृष्टीनंतर सरकारनं पीककर्जाच्या वसुलीला स्थगिती आणि सहकारी कर्जाचं पुनर्गठन जाहीर केलं. पारावर त्याचं भाषांतर 'माफी' असं झालं.

स्थगिती म्हणजे आत्ता मागणार नाही. पुनर्गठन म्हणजे यंदाचं पीककर्ज काही वर्षांच्या हप्त्यांत बदलून देतो. दोन्हींत कर्ज उभंच असतं. मात्र पुनर्गठन झालं की खातं थकीत राहत नाही आणि नव्या पीककर्जाची वाट मोकळी होते, म्हणून अर्ज आणि संमतीची सही वेळेत करावी लागते. माफीच्या आशेवर सही न करणारा माणूस दोन्हीकडून जातो.

माफी म्हणजे सरकारनं तुमच्या वतीनं पैसे भरणं. २०१७ला दीड लाखांपर्यंत, २०१९च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या योजनेत दोन लाखांपर्यंत ती झाली. नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठरलं. दर काही वर्षांनी माफी येते, हे कळल्यावर सोसायटी भरणारा स्वतःलाच वेडा समजायला लागतो. याला शेतकऱ्याचा लबाडपणा म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. ज्याचं पीक खरंच वाहून गेलंय त्याला माफी हवीच. पण सोसायटीतला पैसा 'वरचा' असल्यामुळं तो थकवताना कुणा ओळखीच्या माणसाचं नुकसान दिसत नाही, हेही तितकंच खरं. गटातला हप्ता बुडवला तर समोरच्या घरातल्या बाईचे दोनशे रुपये बुडतात, आणि तिचं तोंड रोज पाण्याच्या नळावर बघावं लागतं. बचत गटाला माफी लागू करा, अशी मागणी पारावर मी आजवर ऐकलेली नाही.

चुलतभावाला विचारलं, पुनर्गठनाच्या कागदावर सही केलीस का? म्हणाला, "थांबलोय जरा. माफी आली तर?" तेवढ्यात वहिनी बाहेर आली. उद्या गटाची बैठक होती, हप्त्याचे पैसे कुठं ठेवलेत ते तिला हवं होतं. त्यानं खिशात हात घातला, चारशे रुपये कमी निघाले. तिनं काही न बोलता शेळीचं दूध डेअरीला घातल्याची पावती त्याच्यापुढं धरली आणि म्हणाली, "यातून आणा. आणि जाता जाता सोसायटीत सही करून या."